पाण्याचा दाब : मुलांना शिकवावयाचा, मोठ्यांनीही शिकावयाचा धडा

विज्ञानाच्या शालेय पुस्तकांत 'द्रवांचा दाब' हा धडा असतोच. मुले व्याख्या पाठ करतात, सूत्र लिहितात, गुण मिळवितात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सारे विसरून जातात. पण हाच धडा विहिरीच्या काठावर, खाजनाच्या बांधावर, ट्रॅक्टरच्या मागे आणि दवाखान्यातल्या खाटेशी रोज आपल्यापुढे उभा असतो. तो ज्याला नीट कळला त्याचे पैसे वाचतात. काही प्रसंगी जीवही वाचतो. म्हणून या वेळी आम्ही हे पान पालकांसाठी, शिक्षक बंधुभगिनींसाठी आणि सुट्टीत मुलांचे वर्ग घेणाऱ्या तरुण-तरुणींसाठी राखून ठेवले आहे. पाच छोटे पाठ देत आहोत. प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास पुरे.

साहित्य फारसे लागत नाही. एक उंच प्लास्टिकची बाटली, एक खिळा, चिकटपट्टी, मोजपट्टी, औषधाच्या दुकानातून आणलेल्या दोन नव्या सिरिंज (एक ५ मिलिलिटरची, एक २० मिलिलिटरची) आणि त्यांच्या तोंडाला घट्ट बसेल अशी हातभर पारदर्शक नळी. सुया घेऊ नयेत. दवाखान्यात वापरून टाकलेल्या सिरिंज तर मुलांच्या हाती मुळीच देऊ नयेत. त्यांतून रोग पसरतात.

पहिला पाठ : जितके खोल, तितका दाब

बाटलीचे तोंड कापून ती उघडी करा. त्यात २४ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी राहील असे धरू. पृष्ठभागापासून ६, १२ आणि १८ सेंटिमीटर खाली खिळा तापवून तीन सारखी छिद्रे पाडा. हे काम मोठ्यांनी करावे. छिद्रांवर चिकटपट्टी लावून बाटली भरा, ती एक मीटर उंच स्टुलाच्या कडेवर ठेवा आणि पट्टी एकदम ओढून काढा. सर्वांत खालची धार सर्वांत लांब जाऊन पडेल, सर्वांत वरची जवळ पडेल.

आता तीच बाटली जमिनीवर ठेवून प्रयोग पुन्हा करा. या वेळी मधली धार सर्वांत पुढे जाईल आणि वरची व खालची जवळजवळ एकाच ठिकाणी पडतील! मुले गोंधळतील. गोंधळू द्यावे, लगेच उत्तर सांगू नये. थोड्या वेळाने विचारावे : "खालच्या धारेला जमिनीवर पडायला किती वेळ मिळाला?" खालची धार वेगाने निघते खरी, पण जमीन इतकी जवळ आहे की लांब जाण्याआधीच ती टेकते. स्टुलावर ठेवल्यावर तिला पडायला वेळ मिळतो आणि तिचा वेग दिसून येतो. बाटली कशावर ठेवली आहे हे न सांगता काढलेली चित्रे मुलांना फसवतात. म्हणून चित्रावर विसंबू नये, करून पाहावे. विज्ञान म्हणजे एवढेच.

दुसरा पाठ : एक लिटर, एक किलो, दहा मीटर

दाब म्हणजे काय हे मुलांना सूत्रावाचून सांगता येते. तळ बरोबर एक चौरस सेंटिमीटर असलेली एक बारीक नळी डोळ्यांपुढे आणा. ती दहा मीटर, म्हणजे एक हजार सेंटिमीटर उंच आहे. तिच्यात किती पाणी मावेल? एक हजार घन सेंटिमीटर, म्हणजे एक लिटर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे दहा मीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर एक किलोचा भार पडतो. हा एक आकडा लक्षात ठेवला की निम्मा धडा झाला. एक मीटर खोलीवर १०० ग्रॅम, पाच मीटरवर अर्धा किलो, वीस मीटरवर दोन किलो.

येथे मुलांना एक प्रश्न टाकावा. शेजारच्या घरी ५०० लिटरची टाकी आहे, आपल्या घरी २००० लिटरची. दोन्ही टाक्यांतले पाणी जमिनीपासून सारख्याच उंचीवर आहे. कोणाच्या नळाला दाब जास्त? बहुतेक मुले मोठ्या टाकीचे नाव घेतील, आणि बहुतेक मोठी माणसेही! पण दाब टाकीच्या रुंदीवर नव्हे, पाण्याच्या उंचीवर ठरतो. दोन्ही नळांना दाब सारखाच. नळाला धार बारीक येते म्हणून मोठी टाकी विकत घेणाऱ्याचे पैसे वाया जातात. टाकी उंचावर न्यावी, नाहीतर पाइप मोठा घ्यावा, म्हणजे वाटेत घर्षणाने दाब कमी खर्च होईल. परसातल्या भाजीसाठी ठिबकची छोटी जोडणी करतानाही हाच हिशेब. एक मीटर उंच मांडणीवर ठेवलेली टाकी प्रत्येक चौरस सेंटिमीटरामागे फक्त १०० ग्रॅम दाब देते. इतक्या कमी दाबावर चालणारेच ठिबक घ्यावे.

आता बांधाकडे वळू. गोव्यातल्या वाचकांना खाजन शेती सांगायला नको. खाडीचे खारे पाणी बांधाने अडवायचे आणि बांधातल्या मानशीच्या दारांतून आतले जादा पाणी ओहोटीला बाहेर सोडायचे, ही आपल्या पूर्वजांची विद्या. कोमुनिदादींनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. मानशीचे लाकडी दार कोण उघडते? भरतीला बाहेरचे पाणी चढते, त्याचा दाब दाराला आत रेटून बंद करतो. ओहोटीला बाहेरचे पाणी उतरते, आतल्या पाण्याचा दाब जास्त होतो आणि दार आपोआप बाहेर उघडते. मजूर नाही, वीज नाही. केवळ दोन बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक काम करतो. मुलांना एकदा भरतीच्या वेळी आणि एकदा ओहोटीच्या वेळी मोठ्यांबरोबर मानशीवर न्यावे. याहून उत्तम प्रयोगशाळा कोणत्या शाळेत मिळेल?

तेथेच एक हिशेब करून घ्यावा. दार एक मीटर रुंद आहे, बाहेर दीड मीटर पाणी आहे आणि आत दाराशी काहीच पाणी नाही, असे समजा. वर दाब शून्य, तळाशी प्रत्येक चौरस सेंटिमीटराला १५० ग्रॅम, म्हणजे सरासरी ७५ ग्रॅम. दाराचे क्षेत्रफळ १५,००० चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की ११२५ किलो! एका दारावर टनाहून अधिक रेटा. पाणी दीड मीटरऐवजी तीन मीटर असते तर रेटा दुप्पट नव्हे, चौपट झाला असता. कारण सरासरी दाबही दुप्पट होतो आणि पाणी टेकते ते क्षेत्रही दुप्पट होते. म्हणून धरणाची भिंत आणि तळ्याचा बांध पायाशी रुंद ठेवतात.

आणि म्हणूनच बांधाच्या पायथ्याशी पडलेले खेकड्याचे बीळ वरच्या भेगेपेक्षा अधिक घातक. तळाशी दाब जास्त, धार जोरदार. ती माती ओढून नेते, बीळ रुंदावते आणि एका मोठ्या भरतीला बांध फुटतो. खारे पाणी शेतात शिरले की नुकसान एका पिकापुरते राहत नाही, जमिनीत मीठ उतरते. बेळगाव-खानापूरकडच्या शेततळ्यांनाही हाच नियम लागू. पावसाळ्यापूर्वी बांध पाहायचा तो वरून चालत नव्हे, तर खाली वाकून, पायथ्याची ओल शोधत.

तिसरा पाठ : सांगावा सगळीकडे सारखा

फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावी १६२३ साली जन्मलेल्या ब्लेझ पास्कल या विद्वानाने एक गोष्ट स्पष्ट मांडली. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो द्रवात सर्व दिशांना, न घटता, सारखाच पोचतो. त्याचा द्रवांच्या समतोलावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापला गेला. पास्कल अवघी ३९ वर्षे जगला. या नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट पुढे १७९५ साली इंग्लंडच्या जोसेफ ब्रामा या कारागिराने घेतले.

आता सिरिंज काढा. दोन्ही सिरिंज आणि नळी पाण्याने भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, आणि जोडा. लहानीचा दट्ट्या दाबला की मोठीचा वर येतो. एका मुलाला लहान सिरिंज द्या आणि त्याच्याहून दांडग्या मुलाला मोठी. दोघांनी एकमेकांविरुद्ध रेटायचे. बारका जिंकेल आणि वर्गात हशा पिकेल.

असे का? मुलांनी स्वतः मोजावे. सिरिंजवरच्या खुणा किती सेंटिमीटरात मावतात ते पट्टीने पाहावे. समजा, ५ मिलिलिटरच्या खुणा ४ सेंटिमीटरात आहेत. तर दट्ट्याचे क्षेत्रफळ ५ भागिले ४, म्हणजे १.२५ चौरस सेंटिमीटर. समजा, २० मिलिलिटरच्या खुणा ६.४ सेंटिमीटरात आहेत. तर क्षेत्रफळ ३.१२५. म्हणजे मोठा दट्ट्या अडीचपट. लहानावर एक किलोचा भार दिला तर मोठ्यावर अडीच किलो मिळतात (घर्षणात थोडे जातात). पण आता अंतर मोजा. मोठा दट्ट्या एक सेंटिमीटर वर यायला लहान दट्ट्या अडीच सेंटिमीटर खाली जावा लागतो. बळ वाढले तितके अंतर घटले. निसर्गाच्या दुकानात उधारी नाही आणि फुकटही काही नाही, हे मुलांच्या मनावर येथेच ठसवावे.

गाडीचा जॅक, ट्रॅक्टरची लिफ्ट, ट्रॉली उलटी करणारा पंप, जेसीबीचा हात ही सारी याच नियमाची लेकरे. जॅकमध्ये लहान दट्ट्या एक चौरस सेंटिमीटरचा, मोठा वीसचा आणि दांडा हाताचा जोर दहापट करणारा असला, तर २० किलोचा जोर दांड्यामुळे २०० किलो होतो आणि तेलामुळे ४००० किलो. एक माणूस चार टन उचलतो. मात्र गाडी एक सेंटिमीटर चढायला दांड्याचे टोक एकूण दोन मीटर हलवावे लागते.

शेवटी नळीत मुद्दाम थोडी हवा सोडा आणि पुन्हा दाबा. दट्ट्या स्पंजासारखा मऊ लागेल. पाणी जवळजवळ आकसत नाही, हवा आकसते. म्हणून जोर हवेला दाबण्यात खर्च होतो. गाडीच्या ब्रेकचे पायडल असे मऊ लागू लागले की तेलात हवा शिरली असण्याचा संभव असतो. "चालतंय तोवर चालू दे" असे म्हणू नये, त्याच दिवशी मेकॅनिककडे न्यावी.

येथे दोन इशारे घरातल्या ट्रॅक्टर चालविणाऱ्यांसाठी.

पहिला : वरच्या हिशेबात जॅकमधल्या तेलाचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटराला २०० किलो झाला. इतका दाब पाण्याला यायचा तर ते दोन किलोमीटर खोल असावे लागेल. तो सारा एका रबरी सीलने पेलून धरलेला असतो. सील गेले की भार खाली येतो, सूचना देऊन येत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॉलीखाली किंवा वर उचललेल्या अवजाराखाली कोणीही शिरू नये. आधी भक्कम स्टँड किंवा लाकडी ओंडके लावावेत, चाकांना दगड लावावेत, मगच हात घालावा.

दुसरा : तेलाचा पाइप बारीक गळत असेल तर गळती बोटाने चाचपू नये. सुईएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. वरून फक्त ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही. पण आत तेल पसरते आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी, तीही अंतर राखून. धार लागलीच तर हळद लावून घरी बसू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच तासाला जावे आणि "दाबाचे तेल आत गेले आहे" असे स्पष्ट सांगावे.

चौथा पाठ : पंप पाणी ओढत नाही

आपण म्हणतो, पंप पाणी ओढतो. खरे पाहता पंप पाइपातली हवा काढतो आणि विहिरीतल्या पाण्यावर बसलेली बाहेरची हवा पाण्याला पाइपात ढकलते. हवेलाही वजन आहे. १६४३-४४ च्या सुमारास इटलीच्या टॉरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीने ते दाखविले. १६४८ च्या सप्टेंबरात पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या बहिणीचे यजमान फ्लोराँ पेरिए ती नळी घेऊन पुई-द-दोम डोंगरावर चढले. खाली मिनिम संघाच्या मठाच्या बागेत दुसऱ्या नळीवर एक फादर दिवसभर लक्ष ठेवून होते. खालचा पारा जागचा हलला नाही. डोंगरावरचा आठ सेंटिमीटरांहून अधिक उतरला. वर हवा कमी, म्हणून तिचा भारही कमी, हे सिद्ध झाले.

समुद्रसपाटीला हवा पाण्याला फार तर १०.३ मीटर वर ढकलू शकते. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर असल्याने तेथे ही मर्यादा सुमारे साडेनऊ मीटर होते. पाइपातले घर्षण, सांधे आणि फूटव्हॉल्व्ह यांचा विचार करता प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा धरू नये. येथे मोटरच्या अश्वशक्तीचा काही संबंध नाही. तीनऐवजी दहा अश्वशक्तीची मोटर काठावर बसविली तरी हवा तीच, तिचा दाबही तोच. पंपापासून वर पाणी कितीही उंच ढकलता येते, तेथे अश्वशक्ती कामी येते. पण खालून वर घेण्याची मर्यादा हवेने ठरविली आहे.

उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पंप हवा खाऊ लागतो आणि शेतकरी पंप खाली नेतो. विचार बरोबर आहे. पण काही ठिकाणी डिझेलचे किंवा पेट्रोल-रॉकेलचे इंजिनच दोराने विहिरीत उतरवितात. वाचकहो, येथे मृत्यू उभा असतो. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. विहिरीत वारा खेळत नाही, वायू तेथेच साठतो. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा घेतो. इंजिन पाहायला उतरलेल्या माणसाला चक्कर येते आणि तो कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग मुलगा, मग शेजारी. एका विहिरीत एकाच घरातली दोन-तीन माणसे जाण्याचे प्रकार असे घडतात. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत येथे फसवी आहे. प्राणवायू कमी असेल तर कंदील विझतो हे खरे. पण माणूस मारण्याइतका हा वायू असला तरी कंदील जळतच राहतो.

म्हणून नियम साधे ठेवावेत. धूर सोडणारे कोणतेही इंजिन विहिरीत उतरवू नये. पाणी खोल असेल तर पाण्यात बुडणारी मोटर घ्यावी. ती खालून ढकलते, त्यामुळे दहा मीटरांची मर्यादा तिला नाही. विजेचा पंप विहिरीतल्या टप्प्यावर बसविला असेल तर खाली उतरण्यापूर्वी मुख्य खटका बंद करावा आणि तेथे माणूस उभा करावा. आणि कोणी आत बेशुद्ध पडलेच, तर मन कितीही ओढले तरी मागोमाग उतरू नये. इंजिन बंद करावे, ११२ ला फोन करून अग्निशामक दल बोलवावे आणि दोर बांधलेला असेल तर त्या माणसाला वरूनच ओढावे.

पाचवा पाठ : आपल्या अंगातला पंप

रक्त हाही द्रव आहे, त्यालाही दाब आहे. इंग्लंडमधल्या टेडिंग्टनचे धर्मगुरू स्टीफन हेल्स यांनी एका घोडीच्या धमनीला काचेची उंच नळी जोडून रक्त किती चढते ते मोजले. ते ८ फूट ३ इंच चढले! १७३३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. रक्तदाब मोजण्याची ती सुरुवात. आज डॉक्टर १२० म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ १२० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असा होतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. म्हणजे हा दाब पाण्याला सुमारे १६३ सेंटिमीटर वर चढवील. मुठीएवढे हृदय हे काम रात्रंदिवस करते.

यातून तीन उपयोगी गोष्टी निघतात.

१. रक्तदाब मोजताना दंड हृदयाच्या पातळीवर असावा. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा सुमारे ८ ने जास्त दिसतो, वर धरला तर तितकाच कमी. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, हात टेबलावर ठेवून मोजावा. नाहीतर नसलेल्या आजाराचे औषध सुरू होईल किंवा असलेला आजार लपून राहील.

२. उभे राहिल्यावर हृदयापासून पावलापर्यंतचा रक्ताचा स्तंभ पावलांतल्या शिरांवर सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याइतका जादा दाब देतो. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. नुसते उभे राहणाऱ्याला ती मदत मिळत नाही. म्हणून दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यांनी मधूनमधून चालावे आणि विश्रांती घेताना पाय उशीवर उंच ठेवावेत. मात्र एकाच पायाला अचानक सूज येऊन दुखत असेल किंवा सुजेबरोबर धाप लागत असेल, तर उशीवर भागणार नाही. डॉक्टरांना त्वरित दाखवावे.

३. सलाइनची बाटली उंच टांगतात ती याच कारणाने. एक मीटर उंची म्हणजे सुमारे ७४ मिलिमीटर पाऱ्याचा दाब. शिरेतला दाब त्याहून पुष्कळ कमी, म्हणून औषध आत जाते. रुग्णाला गाडीतून नेताना बाटली धरणाऱ्या नातेवाइकाने ती खाली आणू नये. रक्त उलटे नळीत येते. आणि थेंबांची कळ स्वतः फिरवू नये. ते काम परिचारिकेचे.

मुलांना विचारण्याचे प्रश्न

१. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, बारा मीटर लांब नळीने, खाली ठेवलेले सरबत पिता येईल का? (नाही. फुफ्फुसे कितीही मजबूत असली तरी हवा त्याला तितके वर ढकलू शकत नाही.)

२. तळ्यातले पाणी एक मीटरवरून दोन मीटरवर चढले. बांधावरचा रेटा किती पट झाला? (चौपट.)

३. मानशीचे दार भरतीला हाताने उघडायचा प्रयत्न का करू नये? (दारावर टनभर रेटा असतो, हात किंवा माणूस सापडला तर सुटका नाही.)

४. जॅकमध्ये तेलाऐवजी हवा भरली तर काय होईल? (हवा आकसेल, गाडी उचलली जाणार नाही.)

उत्तरे लगेच सांगू नयेत. मुलांना आधी अंदाज करू द्यावा, मग करून पाहू द्यावे. आणि चौथा पाठ घेतल्यावर मुलांना एक काम अवश्य द्यावे : आपल्या शेतातल्या विहिरीत पाणी किती खाली आहे आणि पंप कोठे बसविला आहे, हे वडिलांना किंवा काकांना विचारून वहीत लिहून आणावे. त्या निमित्ताने इंजिन विहिरीत का उतरवू नये, हे घरोघरी बोलले जाईल. पाणी आटण्याचे दिवस येण्यापूर्वीच हे बोलणे झालेले बरे.